बिनवर्गणीचे वाचनालय

१९६४ च्या वैशाखात माझे लग्न झाले आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा ऐसपैस वाडा सोडून मी गिरगावातल्या चाळीच्या दोन खोल्यांत राहायला आले. जागा अपुरी, पाणी अपुरे, पण या कशाचे मला फारसे काही वाटले नाही. सवयीने सगळे अंगवळणी पडते. धक्का बसला तो निराळ्याच ठिकाणी. पंधरा दिवसांनी घरची ओढाताण जरा कमी झाल्यावर मी आमच्या यांना म्हटले, "इथली लायब्ररी कुठे आहे? पुस्तके आणली असती." हे मोठ्या उत्साहाने मला जवळच्या एका वाचनालयात घेऊन गेले. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी पावतीपुस्तक पुढे ओढले आणि अनामत, प्रवेश फी, महिन्याची वर्गणी असा हिशेब सांगायला सुरुवात केली.

"वर्गणी कसली?" मी विचारले.

"पुस्तके वाचायची ना, बाई?"

"हो. पण वर्गणी कसली?"

त्या गृहस्थांनी चष्मा वर सरकवून आधी माझ्याकडे आणि मग यांच्याकडे असे काही पाहिले, की हे बिचारे ओशाळून गेले. जिन्यावरून उतरताना मला म्हणाले, "अगं, दुधाला पैसे पडतात, वर्तमानपत्राला पडतात, तसे पुस्तकांना नकोत का?" मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. एकवीस वर्षांच्या आयुष्यात वाचायला पैसे पडतात हे मला ठाऊकच नव्हते, हे खरे! आमच्या बडोद्याला पुस्तके वाचायची म्हणजे उठायचे, मांडवीच्या रोखाने चालू लागायचे आणि घेऊन यायची. लहानपणी वडिलांनी कधीतरी एका कागदावर सही केली होती, एवढेच मला आठवत होते. चाळीतल्या बायकांना ही हकीकत कळली तेव्हा त्या हसून बेजार झाल्या. "तुमच्या गायकवाडांचे राज्य संपले हो आता!" असे एकीने मला ऐकवले.

राज्य १९४९ च्या मे महिन्यात संपले होते. तेव्हा मी सहा वर्षांची होते. पण राज्य संपले तरी लायब्ररी संपली नव्हती. आज ऐंशी ओलांडल्यावर तिची गोष्ट सांगायला बसले आहे, ती त्या चष्मेवाल्या गृहस्थांना त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणून.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले हे आपण शाळेत शिकतोच. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी त्याचा प्रयोग केला आणि १९०६ साली सगळ्या संस्थानाला तो कायदा लागू झाला. मुलगा काय नि मुलगी काय, शाळेत पाठवली नाही तर आईबापांना दंड! माझी आजी त्याच साली सात वर्षांची झाली होती. ती म्हणे, "मला काही विद्येसाठी शाळेत घातले नव्हते गं, दंड चुकवायला घातले होते!" असो. हेतू कोणताही असो, अक्षरे आली.

पण पुढे काय? मुले शाळा सोडून शेताला, दुकानाला, चुलीला लागली की चारपाच वर्षांत सगळे विसरायची. हाती धरायला पुस्तकच नसेल तर लिहिणे-वाचणे टिकावे कसे? ही अडचण महाराजांच्या ध्यानात आली, आणि त्यांच्याही आधी ती ओळखली होती मोतीभाई अमीन या गुजराती शिक्षकाने. मोतीभाईंनी १९०६ च्या सुमारास गावोगाव 'मित्रमंडळ' नावाची लहान लहान वाचनालये काढायला सुरुवात केली होती. त्याच साली महाराज अमेरिकेला जाऊन आले आणि तिकडची सार्वजनिक ग्रंथालये पाहून चकित झाले. लायब्ररी म्हणजे साहेब लोकांचा क्लब किंवा शास्त्रीबुवांचे पोथीघर, हीच आपली तोवरची समजूत. तिकडे मजूरही कामावरून परतताना पुस्तक घेऊन घरी जातो, हे त्यांनी पाहिले.

१९१० साली महाराज पुन्हा अमेरिकेला गेले, आणि या खेपेस चक्क एक ग्रंथपालच घेऊन आले. त्यांचे नाव विल्यम अॅलन्सन बोर्डन, गाव न्यू हेवन. आता विचार करा, बडोद्याला लोखंडी पूल बांधायला साहेब आणला असता तर कोणी भुवई वर केली नसती. पण पुस्तके लावायला अमेरिकन साहेब! दांडिया बाजारातल्या ओट्यांवर या बातमीची केवढी चेष्टा झाली असेल, याची मला पुरेपूर कल्पना आहे.

साहेब मात्र कामाचा निघाला. महाराजांनी आपल्या राजवाड्यातला सुमारे वीस हजार पुस्तकांचा खाजगी संग्रह लोकांसाठी देऊन टाकला, आणि जुन्या सरकारवाड्यात सेंट्रल लायब्ररी सुरू झाली. पुस्तके लावण्याच्या दोन अमेरिकन पद्धती तेव्हा गाजत होत्या. ड्युई यांची आकड्यांवर चाले, कटर यांची अक्षरांवर. बोर्डनसाहेबांनी दोहोंची सांगड घालून खास बडोद्यासाठी नवी पद्धत बसवली. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्गही काढला. हिंदुस्थानातला असा हा पहिलाच वर्ग. पाठोपाठ 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतले नियतकालिक निघाले. १९१३ साली साहेब परत गेले, आणि त्यांच्या मागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी कारभार सांभाळला. नावावरूनच ओळखाल, मराठी माणूस! बडोद्याच्या या सगळ्या चळवळीवर त्यांनी १९१९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे.

खेड्यांसाठी नियम असा होता, की गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवावा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यावा आणि तेवढाच सरकारने. म्हणजे गावाने पदरचा रुपया काढला की त्याचे तीन होत. फुकटाची किंमत राहत नाही म्हणतात. इथे गावाचा पैसाही गुंतलेला होता आणि वाचणाऱ्याला पदरमोडही नव्हती. मला तरी ही युक्ती त्या काचेच्या नि पोलादाच्या इमारतीपेक्षाही मोठी वाटते. त्या इमारतीकडे मी येतेच आहे.

आणि ज्या गावाला एवढेही जमत नसे, त्याच्याकडे पेटी जाई. या पेट्यांविषयी मी ऐकले ते आजीच्या भावाकडून, आमच्या बापूमामांकडून. ते गायकवाडी रेल्वेत, डभोईच्या अरुंद रुळांच्या लाईनवर एका लहानशा ठाण्याचे स्टेशनमास्तर होते. दिवसातून दोनचार वेळा गाडी यायची, बाकी सगळा वेळ कडुनिंबाखाली. त्या गाडीतून मधूनमधून एक लाकडी पेटी उतरे. कुलूप लावलेली, आत पंधरा ते तीस पुस्तके नि त्यांची यादी. भाडे सरकारचे. गावचा मास्तर बैलगाडी घेऊन पेटी न्यायला येई आणि तीनेक महिन्यांनी परत आणून देई; मग दुसरी येई. "धान्याची पोती उतरवताना हमाल कुरकुरायचे," बापूमामा सांगत, "पण या पेटीला कोणी कुरकुरले नाही. एका हमालाने तर मला विचारले, मास्तर, यात महाराजांचा खजिना असतो काय? मी म्हटले, असतो!" गावात वाचता येणारे चार. मग रात्री कंदिलाशी एकाने वाचायचे आणि चाळिसांनी ऐकायचे. जिथे पुस्तकही चालण्यासारखे नसे, तिथे खात्याची माणसे मॅजिक लँटर्न आणि पुढे सिनेमाचे यंत्र घेऊन चित्रे दाखवीत.

आजीला लायब्ररीची पहिली बातमी याच भावाने आणली. ती चौदा वर्षांची, आमच्या घरात नवी आलेली. लायब्ररीत बायकांसाठी वेगळा विभाग निघाला होता, बाई ग्रंथपाल होती आणि ती बाई महिलामंडळांतून पुस्तके घेऊन जात असे. मुलांसाठीही एक निराळी खोली होती. तिथे चित्रांच्या पुस्तकांबरोबर चक्क खेळ मांडलेले असत. आजोबांची ना नव्हती. पण आजोबांच्या आई, म्हणजे आमची पणजी, महाकडक. पुस्तक घरात येणार हे ऐकून तिने पहिला प्रश्न केला, "ते आधी कुणाच्या घरी होते?"

प्रश्न बिनतोड होता. पुस्तक कुणाच्याही घरी होते! लायब्ररीचा नियमच असा, की जातपात न पाहता कोणीही यावे. शिवाय कित्येक पुस्तकांची बांधणी चामड्याची. सोवळ्याच्या घरात चामडे! शेवटी तोडगा निघाला. पुस्तक उंबऱ्याच्या आत यायचे नाही. ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवायचे, तिथेच उभ्याने वाचायचे आणि हात धुऊन, लुगडे बदलून घरात यायचे. आजीने दोन वर्षे असे उभ्याने वाचले. दुपारी सगळे कलंडले की ती ओसरीवर! "पाय दुखायला लागले की समजायचे, प्रकरण संपत आले," असे ती म्हणे.

मग एका चातुर्मासात पणजीला काशीयात्रेचे वर्णन ऐकायची इच्छा झाली. ती उंबऱ्याच्या आत बसली, आजी उंबऱ्याबाहेर उभी राहून वाचू लागली. ऐकण्याला विटाळ नाही, अशी पणजीने आपल्या मनाची समजूत घातली असावी. यात्रा पंधरा दिवस चालली. ती प्रयागाच्या पुढे गेली असेल नसेल, तोच एका दुपारी पाऊस आला. ओसरी गळू लागली, कोनाड्यात पाणी उतरले. आतून पणजी ओरडली, "अगं उभी काय राहिलीस? आत आण ते, भिजेल!"

पुस्तक आत आले ते आलेच. पुन्हा कोनाड्यात गेले नाही.

ही गोष्ट आजी हसत हसत सांगे आणि आम्हीही हसत असू. पण तिच्या काळातलीच दुसरी एक गोष्ट आहे, तिला हसता येत नाही. बडोद्याचीच शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले आणि १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले. एवढ्या मोठ्या विद्वानाला या शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी ते कमाटी बागेत झाडाखाली जाऊन बसले. त्याच बागेत आम्ही मुले रविवारी चेवडा खायला जात असू, आणि त्या झाडाविषयी आम्हांला तेव्हा कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. ज्या संस्थानाने त्यांना शिकायला पाठवले, त्याच्या राजधानीत एक घर उघडले नाही. आमचा वाडाही त्या दांडिया बाजारातच होता. पणजीचा तो प्रश्न आठवला की मला आता हे सारे आठवते.

बरे, आता ती इमारत. सरकारवाड्याची जागा पुरेनाशी झाली, तेव्हा मांडवीजवळ नवी इमारत उठली. १९३१ साली ती पुरी झाली. बाहेरून पाहाल तर सरकारी कचेरी वाटेल. गंमत आहे ती आत. पुस्तकांचे मजलेच्या मजले पोलादी घोड्यांवर उभे आहेत. हे घोडे अमेरिकेतल्या स्नेड कंपनीचे. लाकूड नाही म्हणजे वाळवी नाही, आगीचेही भय कमी. आणि मजल्यांच्या फरशा जाड काचेच्या! वरचा उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यापर्यंत जातो, म्हणून दिवे कमी लागतात. पहिल्यांदा त्या काचेवर पाऊल टाकले तेव्हा मी इतकी घाबरले, की आजीचा पदर सोडीना. मग खाली पाहण्यापेक्षा वर पाहण्यातली मौज कळली. वरच्या मजल्यावरून कोणी चालले की डोक्यावरून नुसती पावलांची सावली सरकत जाई. कुणाची पावले आहेत ते ओळखायचे. वहाणा, बूट, अनवाणी पाय. काचेखालून सगळे सारखेच धूसर दिसायचे.

माझ्या हातून एकदा मोठा अपराध घडला. दहा-अकरा वर्षांची असेन. एक जाड ऐतिहासिक कादंबरी घेऊन घरी निघाले होते. आभाळ भरून आलेले, आजीने बजावले होते की पाऊस थांबेपर्यंत तिथेच बस. पण कथानक ऐन रंगात! मी चालता चालता वाचत निघाले, आणि सूरसागराच्या काठाशी बडोद्याचा तो धो धो पाऊस कोसळला. घरी पोचले तेव्हा पुस्तक पाव किलोने जड झाले होते. आजीने मारले नाही. तिने एवढेच म्हटले, "तुझ्या पणजीने पुस्तक भिजू नये म्हणून जन्माचे सोवळे सोडले, आणि तू ते पावसात नेलेस?" त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

मग चार दिवस आमचे उद्योग चालले. पानापानात टीपकागद घालायचे, शेगडीच्या उबेला धरायचे, रात्री पाट्याखाली दाबून ठेवायचे. तरी पाने फुगलीच आणि पुठ्ठ्याचा रंग उतरला तो उतरलाच. आजी मला घेऊन लायब्ररीत गेली. तिथल्या वयस्क गृहस्थांनी पुस्तक उलटेपालटे करून पाहिले. माझे पाय लटपटत होते. "भरपाई काय ती घ्या," आजी म्हणाली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि मला विचारले, "कुठपर्यंत वाचून झाले होते?" मी प्रकरणाचा आकडा सांगितला. "मग पुढचे राहिलेच की," असे म्हणून त्यांनी त्याच पुस्तकावर नवी तारीख मारली आणि माझ्या हातात दिले. भरपाई घेतली की नाही, हे आजीने मला कधी सांगितले नाही.

सांगायचे राहिले, या लायब्ररीचे एक लेकरू फार मोठे झाले. तिच्या संस्कृत विभागाने गुजरातभर फिरून हस्तलिखिते जमवली. चिमणलाल दलाल या तरुण पंडिताने पाटणच्या जैन भांडारांतल्या पोथ्या तपासल्या, आणि राजशेखराची 'काव्यमीमांसा' १९१६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून निघाली. पुढे १९२७ साली हा विभाग वेगळा होऊन प्राच्यविद्या मंदिर झाले. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात तिथूनच सात खंडांत बाहेर पडली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारत केले, बडोद्याने रामायण. आम्ही बडोदेकर हे सांगताना जरा छाती काढतो, त्याला इलाज नाही.

आणि महाराज स्वतः? रियासतकार सरदेसाई वर्षानुवर्षे त्यांच्या पदरी वाचक होते. राजाला वाचून दाखवणे हीच त्यांची नोकरी! त्या वाचनातून मराठी रियासतीचे एवढे खंड उभे राहिले. १९३२ च्या कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही महाराजांनी भूषवले. राजे संमेलनाला देणगी देतात, अध्यक्ष होतात ते क्वचितच.

कायद्याचे म्हणाल तर कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रासने १९४८ साली, आपल्या महाराष्ट्राने १९६७ साली. बडोदे संस्थानाने या सगळ्यांच्या कितीतरी आधी, कायद्याची वाट न पाहता, एक खाते उघडून कामाला सुरुवात केली. गुजरातेत ग्रंथालय कायदा यायला २००१ साल उजाडले. सेंट्रल लायब्ररी आता गुजरात सरकारच्या ग्रंथालय खात्याकडे आहे.

गिरगावात पुढे मी वर्गणी भरून वाचू लागले, हे सांगायला नकोच. त्या चष्मेवाल्या गृहस्थांशी स्नेहही जमला. वाचनालय चालवायला भाडे, वीज, पगार, बांधणी हे सगळे लागते आणि ते वर्गणीतूनच येते, हे त्यांनी मला वहीतले आकडे दाखवून पटवले. मला पटले. पण महिनाअखेरीला आमच्याच चाळीतली एक बाई, दोन महिने वर्गणी थकली म्हणून, हातातले पुस्तक अर्धे ठेवून परत करायला निघाली, ते मी पाहिले आहे. मी तिला म्हटले, माझ्या नावावर घ्या. त्या गृहस्थांच्या ते ध्यानात आले असणार. पण ते काही बोलले नाहीत.

२०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला साहित्य संमेलन भरले, तेव्हा मी हट्टाने गेले. दांडिया बाजारातला वाडा केव्हाच विकला आहे. कोनाडा गेला, ओसरी गेली. भावाच्या घरी उतरले होते. त्याची नात आठ वर्षांची, गुजराती फाडफाड बोलते, इंग्रजी शाळेत जाते, मराठी ऐकून समजते पण वाचताना अडखळते. भाऊ म्हणाला, "आपल्यानंतर इथे मराठी कपाटापाशी जाणार कोण?" मी त्याला उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचा हात धरला आणि मांडवीकडे चालू लागले.

काचेची फरशी तशीच आहे. जरा घासली गेली आहे, हिरवट दिसते. पोर पहिल्या पावलाला थबकली, तिने माझा पदर धरला. मी म्हटले, "खाली नको बघू, वर बघ." वरून कोणीतरी सावकाश चालत गेले.

"आजी, कुणाचे पाय आहेत गं ते?" तिने विचारले.

मग आम्ही दोघी मराठीच्या कपाटापाशी गेलो. मोठ्या टायपातले एक पुस्तक तिनेच काढले, खिडकीजवळ बसून बोट ठेवून वाचू लागली. एका ओळीला फार वेळ लागत होता. जोडाक्षर आले की ती माझ्याकडे बघे. बाहेर भाऊ रिक्षा थांबवून उभा होता, संमेलनाच्या मंडपात कुणाचे तरी भाषण सुरू होणार होते. मी त्याला खिडकीतून हातानेच सांगितले, तू हो पुढे.